तो बर्गर माझा नव्हता

ही गोष्ट सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळत आलो. विषय निघाला की मी चहा मागवायचो, नाहीतर पाऊसपाण्यावर बोलायला लागायचो. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळींत कुणी नवा आला की अजूनही माझी ओळख करून देतात, "जालन्यात वीस रुपयांचा बर्गर विकून दाखवला, ते हेच." नवा माणूस कौतुकानं बघतो. मी हात जोडतो. हात जोडले की माणूस नम्रही दिसतो आणि तोंडानं खोटंही बोलावं लागत नाही.

तो बर्गर माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचा होता. कल्पना तिची, चव तिची, किंमतसुद्धा तिनंच ठरवलेली. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि चार नातेवाइकांसमोर मी ते नाकारलं. आता सत्तरी उलटली. जे घडलं ते जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

आमचं गाव मंठ्याकडचं. शेती बरी होती. जालना जिल्हा झाला त्या वर्षी मी गावाकडून आलो आणि जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानांच्या गल्लीत, हॉटेल टाकलं. आमच्याकडे हॉटेल म्हणजे चार बाकडी, चहाची भट्टी, सकाळी पोहे आणि दुपारपासून भजे. नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेऱ्या, त्यामुळे माणसांची ये-जा वाढलेली. धंदा बसला. हॉटेलच्या मागेच दोन खोल्यांत आम्ही राहायचो. मधे एक दार आणि दाराला पडदा.

धाकटा माझ्याहून बारा वर्षांनी लहान. पुण्याकडे एका कारखान्यात फिटर होता. नव्वद सालानंतर काही वर्षांनी तो कारखाना बंद पडला आणि तो बायको आणि दोन मुलींना घेऊन माझ्याकडे आला. मागे आणखी एक खोली पत्रे टाकून वाढवली. तो माझ्याबरोबर गल्ल्यावर बसायला लागला, त्याची बायको माझ्या बायकोबरोबर मागे कांदे चिरायला.

इथं आमच्या घरातली एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. धाकट्याच्या बायकोनं भासऱ्याशी बोलायचं नाही. तो समोर आला की पदर पुढे ओढून बाजूला व्हायचं. भासऱ्यानंही तिला हाक मारायची नाही. काही सांगायचं असेल तर मधे कुणीतरी लागायचं, आणि आमच्यात ते काम माझ्या बायकोकडे होतं.

पडद्यामागून आवाज यायचा, "अक्का, त्यायला म्हणावं साखर संपली."

मला ते चांगलं ऐकू यायचं. तरी बायको पडदा सारून बाहेर यायची आणि म्हणायची, "साखर संपली म्हणते."

"तिला म्हण, संध्याकाळी आणतो."

बायको मान मागे वळवायची. "संध्याकाळी आणतो म्हणतेत."

एकदा ती फारच वैतागली. "मी काय पोस्टमन आहे का? तुम्ही दोघं बहिरे न्हाई ना?" पडद्यामागून हसण्याचा आवाज आला. मीही हसलो.

पुण्यात हीच बाई बाजारात भाव करायची, शाळेत जाऊन मास्तरांशी बोलायची, बँकेचे फॉर्म भरायची. आमच्या दारात पाऊल टाकताना तिनं पदर पुढे ओढला. मी तसं कर म्हणालो नव्हतो. पण कशाला, असंही म्हणालो नाही. मला ते बरं वाटलं होतं.

आल्यावर सहा-आठ महिन्यांनी एका दुपारी बायको ताटलीत काहीतरी घेऊन आली. मोठा गोल पाव, मधे आडवा कापलेला, लोण्यात भाजलेला. आत बटाटा, वाटाणा आणि बीट यांची जाड टिक्की, वर रव्याचं कुरकुरीत कवच. पत्ताकोबी, कांदा, टमाट्याची चकती. आणि एक पांढरी-हिरवी चटणी, तशी मी कधी खाल्ली नव्हती. दह्याचा घट्ट चक्का आणि त्यात हिरव्या मिरचीचा ठेचा.

"हे काय?"

"बर्गर. पुण्यात खातेत. तिनं आपल्या पद्धतीचा केलाय. आधी खाऊन तर पहा."

मी खाल्ला. तो चांगला होता. इतका चांगला होता की मी शेवटचा घास उगीच हळू चावला. पण तोंडानं म्हणालो, "ठीक आहे. केवढ्याला विकायचा?"

बायकोनं पडद्याकडे पाहिलं. पडद्यामागून उत्तर आलं, "अक्का, त्यायला म्हणावं, वीस रुपये."

त्या वेळी आमच्याकडे भज्यांची प्लेट तीन रुपयांना होती. वीस रुपये म्हणजे शेतातल्या बाईची जवळजवळ दिवसाची मजुरी.

"वीस!" मी म्हणालो. "तिला म्हण, वरून चांदीचा वर्ख लावणार का? हे जालना आहे. इथं माणूस चहासंगट पाणी फुकट मिळतं म्हणून दोन ग्लास पितो."

बायकोनं तोंड उघडायच्या आत पडद्यामागून आवाज आला. "त्यायला म्हणावं, याच गल्लीत हजाराचं लुगडं घेऊन माणसं बाहेर निघतेत. मंग भूक लागली तर तीन रुपयांचेच भजे खावे लागतेत. दुसरं हाय काय?"

धाकटा गल्ल्यावरून म्हणाला, "दादा, करून पाहू की. बिघडलं तर भजे हायेतच."

मी परवानगी दिली. परवानगी हाच शब्द माझ्या डोक्यात होता. बेकरीवाल्याला मोठे पाव वेगळे करायला सांगितले, वर तीळ लावून. धाकट्यानं पाटी रंगवली. पहिले आठ दिवस कुणी फिरकलं नाही. शेजारचे कापडवाले शेठ रोज येऊन पाटी वाचायचे, "वीस?" असं म्हणायचे, हसायचे आणि भजे मागवायचे. "अहो, वीस रुपयांत मी घरी अख्ख्या खटल्याला खिचडी खाऊ घालीन," एक जण म्हणाला. मी त्यांच्याबरोबर हसलो. पडद्यामागे टिक्क्या थापण्याचा आवाज चालू होता.

माझी कल्पना अशी होती, की महाग वस्तू पैसेवाला घेतो. ती चुकीची निघाली. पहिला बर्गर विकला गेला तो पाच बायकांना मिळून. कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंग करणाऱ्या बायका होत्या त्या. हे काम आमच्या जिल्ह्यात खूप चालतं. कपाशीचं एकेक फूल हातानं उकलायचं आणि त्याला दुसऱ्या झाडाच्या फुलातला पराग लावायचा, सबंध हंगामभर. काम नाजूक, म्हणून मजुरी खुरपणीपेक्षा जास्त, आणि ती बाईच्या स्वतःच्या हातात पडते. हंगाम संपल्यावर त्या पाचजणी बाजाराला आल्या होत्या. बाहेर उभ्या राहून त्यांनी पाटी वाचली. एकीला वाचता येत होतं.

"काय हाय हे?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "मोठा वडापाव समजा. वीस रुपये."

"एवढं काय हाय त्याच्यात?"

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला. बायकांशी बोलायला तिला कसली आडकाठी नव्हती. "आत या, करताना दाखवते. न्हाई आवडला तर तशाच जा."

त्या आत गेल्या. बराच वेळ हसणं-बोलणं ऐकू येत राहिलं. शेवटी एक बर्गर बाहेर आला, त्याचे सुरीनं पाच तुकडे झाले. त्यांनी तो खाल्ला आणि गेल्या. पुढच्या बाजाराला त्याच पाचजणी आल्या, आणखी तिघींना घेऊन. त्या दिवशी प्रत्येकीनं अख्खा घेतला. एक म्हातारी त्यांच्यात होती. तिला मी म्हणालो, "मावशी, अर्धा घ्या, जड होईल."

ती म्हणाली, "का बरं? म्या अर्ध्याच फुलांना हात लावला व्हता का?"

ती अख्खा खाऊन उठली, आणि उठताना पदरानं तोंड पुसून सोबतच्या बाईला म्हणाली, "पोराला सांगू नको गं." दोघी खूप हसल्या.

मग हळूहळू गर्दी वाढली. लोखंडाच्या कारखान्यात पाळीवर काम करणारी तरुण माणसं पगार झाला की यायची. कॉलेजच्या मुली वर्गणी काढून यायच्या. बदनापूरहून रोज रेल्वेनं येणारे कारकून महिन्यातून एकदा. त्यांतला एकही रोज येत नव्हता. रोज ते भजे खात आणि महिन्यातला एक दिवस राखून ठेवत. मला हे पाहून नवल वाटायचं. आयुष्यभर मी मानत आलो होतो की आमच्या भागातला माणूस पैसा सोडत नाही. सोडतो, पण आपण ठरवलेल्या जागी. त्या एका दिवशी त्याला कुणी स्वस्तातलं सुचवलेलं चालत नाही. आणि शेठ लोक? ते शेवटपर्यंत भजेच खात राहिले. म्हणून तर ते शेठ.

या बाबतीत मला अक्कल नव्हती, याचा पुरावाच आहे. धंदा चालतो आहे असं पाहून मला वाटलं, किंमत कमी केली तर दुप्पट चालेल. कुणाला न विचारता एके दिवशी पाटीवर वीसचे बारा केले. तो धोंड्याचा महिना होता. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावून त्यांचं कोडकौतुक करायची आपल्याकडची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. गावोगावची माणसं जावयाला कपडे घ्यायला आमच्या गल्लीत येत, आणि कपडे झाले की जावयाला आमच्याकडे घेऊन येत. असाच एक मंठ्याकडचा शेतकरी लेक-जावयाला घेऊन आला. बाकड्यावर बसला, पाटी वाचली आणि उठून माझ्याजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "वीसचा कुठाय?"

"तोच आहे. स्वस्त केला."

त्याचा चेहरा उतरला. "कामून केला हो? म्या जावायाला रस्ताभर सांगत आल्तो, वीस रुपयांचा बर्गर चारतो म्हणून."

"बिलकुल तोच आहे. चव तीच."

"चव तीच असंल. पण मंग बारा रुपयांत जावई बोळवला असं व्हतं ना. त्याच्या थोरल्या साडूनं मागच्या वेळी त्याला औरंगाबादला आइस्क्रीम चारलं. आता म्या काय तोंड दाखवू?"

जावई पाटीकडे बघत होता. सासऱ्यानं दोघांना उठवलं आणि पलीकडच्या थंडपेयाच्या दुकानात नेलं. त्या महिन्यात असे तीन सासरे माझ्या डोळ्यांसमोर उठून गेले. विक्री दुप्पट होणं सोडाच, निम्म्यावर आली.

बायको बाहेर आली. "ती म्हणते, पाटी पुसा. पंचवीस लिहा. आणि आत चीजची चकती घाला, औरंगाबादहून मागवून. जावयाचा बर्गर म्हणून वेगळा."

"पंचवीस? वीसला लोक..."

"मला नका सांगू. मला कळत न्हाई. ती म्हणते."

मी पाटी पुसली. पंधरा दिवसांत जावयाचा बर्गर गावभर झाला. धोंड्याचा महिना संपला तरी लोक तो मागायचे. ज्यांना जावई नव्हते तेही मागायचे. एक ब्रह्मचारी मास्तर दर शनिवारी येऊन म्हणायचे, "एक जावयाचा द्या, जावई येईपर्यंत मीच खातो."

मी पहिलं खोटं बोललो ते याच सुमाराला. कापडवाल्या शेठनं विचारलं, "हे डोकं कुणाचं हो?" मी म्हणालो, "आपलंच." आपलं म्हणजे घरचं, असा माझा अर्थ होता, असं मी स्वतःला सांगितलं. पुढे इथल्या एका छोट्या वर्तमानपत्राचा माणूस आला. त्यानं माझा फोटो काढला, हातात उलथणं देऊन. खरं तर मला टिक्की नीट उलटताही येत नव्हती, ती दोनदा मोडली. बातमीत लिहून आलं की गावाकडून आलेल्या एका माणसानं आपल्या कल्पकतेनं जालन्याला नवी चव दिली. ते मी सांगितलं नव्हतं. पण त्यानं "कल्पना कशी सुचली?" असं विचारलं तेव्हा मी पंधरा मिनिटं बोललो होतो. त्या पंधरा मिनिटांत पुण्याचं, ठेच्याचं, पडद्यामागच्या बाईचं नाव नव्हतं. परक्या माणसासमोर घरातल्या बाईचा उल्लेख कशाला, अशी सबब मी तयार ठेवली होती. ती कुणी मागितलीच नाही.

बातमी आली त्या दिवशी पडद्यामागून एवढंच ऐकू आलं, "अक्का, त्यायला म्हणावं, फोटो चांगला आलाय."

बायकोनं हा निरोप मला दिला नाही. तिनं पहिल्यांदाच एक निरोप मधेच ठेवून दिला. तिला माहीत होतं की मी ऐकलं आहे.

त्यानंतर वर्षा-दीड वर्षानं वाटणीचा विषय निघाला. भांडण असं झालं नव्हतं. मुली मोठ्या होत होत्या, जागा पुरत नव्हती. धाकट्यानं सरळ सांगितलं, "दादा, तुम्ही मोठे आहात, तुम्हीच करून द्या." मी गावाकडून मामांना बोलावलं, दोन चुलते बोलावले, आणि बायकोचा भाऊ. दुपारी जेवणं झाल्यावर हॉटेलचं शटर अर्धं ओढून आम्ही बाकड्यांवर बसलो. माझी बायको आणि धाकट्याची बायको पडद्याआड.

मामांनी सुचवलं की शेत धाकट्याला द्यावं आणि हॉटेल मला. मूल्य सारखंच होत होतं. धाकटा हो म्हणाला. मग तो थोडा थांबला आणि म्हणाला, "एक गोष्ट आहे. शेत आम्हाला कबूल. पण बर्गर आमच्याकडे राहू द्या. आम्ही दुसरीकडे दुकान टाकू. दादांनी भजे, पोहे, सगळं करावं. बर्गर तेवढा तिचा."

मला वाटलं होतं त्यापेक्षा ती मागणी फार लहान होती. तिनं दुकान मागितलं नाही, भांडवल मागितलं नाही. स्वतःच्या हातची एक वस्तू मागितली आणि ती आपली म्हणून विकायची मुभा. त्यावर ती दोन मुलींना वाढवणार होती. शेतात राबायची धाकट्याला सवय राहिली नव्हती, तेव्हा शेत बटईनंच, म्हणजे दुसऱ्याला अर्ध्या वाट्यानं कसायला, द्यावं लागणार होतं.

मामा माझ्याकडे वळले. "म्हणजे, हे बर्गर काढलं कुणी?"

बाहेर गल्लीत ऐकू जाणार नाही इतक्या शांतपणे मी बोललो. "मी काढलं, मामा. पेपरात आलंय की."

धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं. मला अजूनही ते डोळे आठवतात. त्यांत राग नव्हता. मी बोललेलं त्याला नीट ऐकू आलं नसावं, असं वाटत होतं. आणि चारचौघांत थोरल्या भावाला खोटं ठरवणारा तो नव्हता.

मामा म्हणाले, "मंग झालं. धंदा एकच, तो एका जागी राहू द्या. बराबर आहे ना?"

पडदा हलला. त्यामागे ती उभी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. तिनं बोलायचं म्हटलं तर भासऱ्यासमोर, मामेसासऱ्यांसमोर, चुलतसासऱ्यांसमोर बोलावं लागलं असतं. आमच्या घरात ते कधी झालं नव्हतं. ती "अक्का" एवढंच म्हणाली. पुढचं काही आलं नाही. माझी बायको पडद्याबाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली. निरोप नव्हता तिच्याकडे. मी तिच्याकडे पाहिलं नाही. म्हणालो, "चहा टाक." ती आत गेली आणि चहा आला.

ज्या रीतीचं मला आयुष्यभर कौतुक वाटलं, ती त्या दुपारी मी हत्यारासारखी वापरली. ती बोलू शकणार नाही हे मला ठाऊक नसतं, तर मी ते वाक्य उच्चारलं नसतं.

महिनाभरात धाकट्यानं बदनापूरला खोली घेतली. मी बर्गर चालू ठेवला. पाव तोच, बेकरी तीच, चीज तेच. ठेचा मी स्वतः करायचो आणि तो कधी जहाल व्हायचा, कधी बेचव. चक्का पाणी सोडायचा. लोक तोंडावर काही म्हणाले नाहीत. फक्त येईनासे झाले. ते ब्रह्मचारी मास्तर एका शनिवारी अर्धा बर्गर ताटलीत ठेवून उठले आणि जाताना म्हणाले, "तब्येत बरी आहे ना घरात सगळ्यांची?" वर्षाच्या आत मी पाटी उतरवली.

तिकडे बदनापूरच्या स्टेशनाजवळ तिनं हातगाडी लावली. धाकटा पाव आणायचा, ती उभी राहून विकायची. बर्गर तीस रुपये. माझ्या कानावर आलं तेव्हा मी म्हणालो, "बदनापूरला तीस? जालन्याला पंचवीस महाग होते." बायको म्हणाली, "तुम्ही वीसलाही असंच म्हणला होता." गाडीवरून ती टपरीत गेली, टपरीतून गाळ्यात. रेल्वेनं जाणारे-येणारे, कृषी संशोधन केंद्रात शिकायला आलेली पोरं, शेतावरून परतणाऱ्या बायका, सगळे तिथं थांबायचे. गाळ्यावर जी पाटी लागली तिच्यावर तिचं स्वतःचं नाव आहे, मोठ्या अक्षरांत, आणि तिचं नाव असं उघड्यावर वाचायला मला पहिल्यांदा मिळालं. थोरली मुलगी पुढे शिकून औषधांच्या दुकानात लागली, धाकटी आईच्या गाळ्यात बसते आणि दर दोन वर्षांनी काहीतरी नवं, आणखी महाग, पाटीवर चढवते. लोक घेतात. धाकट्याच्या बायकोबद्दलचं माझं कौतुक खरं आहे. पण ते मी कधी तिला कळवलं नाही.

माझी बायको म्हणायची, "मी सांगते ना तिला तुमच्या वतीनं. तुम्हाला वाईट वाटतं म्हणून." मी म्हणायचो, "हे तुझ्या तोंडून नको." ते खरंही होतं. आयुष्यभर तिच्या तोंडून बोललो, हे तरी स्वतः बोलायला हवं होतं. पण त्या खरेपणाचा मला आधारही झाला, कारण त्यामुळे काहीच करावं लागत नव्हतं. गेल्या वर्षी बायको गेली. तेराव्याला धाकट्याची बायको आली, सगळा स्वयंपाक तिनं एकटीनं काढला, आणि माझं ताट मुलीच्या हातून पाठवलं.

दिवाळीनंतर एका सकाळी मी पॅसेंजरनं बदनापूरला गेलो. कुणाला सांगितलं नाही. रस्ताभर एकच वाक्य मनात फिरवत होतो आणि अडत होतो ते सुरुवातीलाच. तिला हाक काय मारायची? इतक्या वर्षांत मी तिला कधी कशानंही हाक मारलेली नव्हती.

गाळ्यात गर्दी होती. एका बाकावर दोन बायका बसल्या होत्या, पायांना शेतातली माती, आणि समोर एकेक अख्खा बर्गर. मी कोपऱ्यात बसलो. तिनं मला पाहिलं. पदर खांद्यावर होता. हात कणकेसारख्या त्या टिक्कीच्या मिश्रणात. तिनं पदर ओढला नाही. हात धुतले, पुसले आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"दादा, एकटेच आले? इकडं पंख्याखाली बसा. जेवून आले का बर्गर देऊ?"

मधे कुणी नव्हतं. तिचा आवाज मला चांगला ओळखीचा होता, पण पडद्याशिवाय तो थोडा मोठा वाटला.

"बर्गरच," मी म्हणालो.

"तिखट चालतं का अजून? का कमी करू?"

"चालतं."

तिनं स्वतः करून आणला. मी खायला लागलो, ती समोरच्या बाकावर बसली. धाकटा जालन्याला गेला होता, मुलगी गल्ल्यावर. बोलायला याहून बरी वेळ मिळणार नव्हती. अर्धा खाऊन झाला. ती वाट पाहत होती, असं मला वाटलं. मी पाणी प्यालो.

"चांगला झालाय," मी म्हणालो.

ती हसली. "पहिला केल्ता तेव्हा पडद्यामागं उभी व्हते, हे ऐकायला. आज सांगून राह्यले दादा."

तिच्या हसण्यात टोमणा होता की माया, मला ठरवता आलं नाही. गल्ल्यावरून मुलीनं हाक मारली आणि ती उठली. मी उरलेला बर्गर संपवला. निघताना ती दारापर्यंत आली, म्हणाली, "येत जा." त्यानंतर मी आणखी दोनदा गेलो. दोन्ही वेळा खाल्लं, मुलींची चौकशी केली आणि परत आलो.

ती माझ्याशी बोलते. तिच्या बाजूनं सगळं मोकळं आहे. अडलं आहे ते माझ्याकडे, आणि तिला म्हणायचं आहे ते एवढंच आहे: त्या दुपारी मामांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. बर्गर तुमचा होता. तुम्हाला बोलता येणार नाही हे ओळखून मी बोललो. मला माफ करा.